मुळाची माती

"या तिन्ही मातींत फरक काय, ते मला नीट सांगा," समोरचे गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी शर्टाच्या खिशातून छोटी वही काढली.

नाशकात गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत तेव्हा माझं कुंड्यांचं आणि तयार मातीचं दुकान होतं. तयार म्हणजे खत आधीच मिसळलेली. गिऱ्हाईक बहुतेक फ्लॅटमधलं. कुणाला गॅलरीत गुलाब हवा, कुणाला दोन मिरच्या. पिशवी न्यायची, कुंडीत ओतायची, फोटो काढायचा. मातीला कसले पैसे घेता, म्हणून वर घासाघीस. फरक विचारणारं आणि तो लिहून घेणारं गिऱ्हाईक त्या आषाढात पहिल्यांदाच आलं होतं, म्हणून मी खूश होऊन सांगायला लागले.

पहिली माझी स्वतःची: गाळाची माती, नारळाचा भुसा, गांडूळखत आणि निंबोळी पेंड. दुसरी पुण्याहून येणारी पिवळी पिशवी. तिच्यात हाडांचा चुरा आणि हळूहळू विरघळणारे खताचे दाणे. तिसरी काळी पिशवी, कोंबडखताची, सगळ्यांत कडक.

"कडक म्हणजे?"

"ताकदीची. जुन्या गुलाबाला घातली तर महिन्यात कळ्या धरतात."

"आणि टोमॅटोला?"

टोमॅटो हा शब्द त्यांनी जरा जपूनच उच्चारला, पण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. साठी ओलांडलेले, ताठ पाठीचे, केस बारीक कापलेले. पायात तपकिरी बूट होते आणि त्यांना इतकं पॉलिश होतं की माझ्या दुकानातल्या धुळीची मलाच लाज वाटली.

"टोमॅटोलाही चालेल," मी म्हणाले.

"मग तिन्ही द्या. तिन्हींत एकेक बी लावून बघतो. जिच्यात चांगलं येईल ती आपली."

मी पिशव्या काढायला वळले. दाराशी झेंडूच्या रोपांचा ट्रे होता, त्यातलं एक वाळून गेलं होतं. "हे मेलंय, काढू का?" असं म्हणत त्यांनी ते उपटलं. मग एक पाय थोडा पुढे घेऊन त्या रोपाची मुळं त्यांनी डाव्या बुटाच्या टोकावर आपटली. तीनदा. रोप उलटं फिरवलं, परत तीनदा. मुळाला मातीचा कण राहिला नाही तेव्हा ते त्यांनी बाजूला ठेवलं.

माझा हात पिशवीवरच राहिला. ही सहा आपटणी मी पंधरा वर्षांपूर्वी ऐकली होती, एका दुपारभर.

आमचं गाव पळसकुंड, सातपुड्याच्या पायथ्याला. मी बारा वर्षांची होते. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, चुलत्याच्या मेव्हण्याच्या नादी लागून तुरीच्या आत गांजाच्या दोन ओळी लावल्या होत्या. तूर उंच वाढते, बाहेरून कळत नाही, असं त्या मेव्हण्यानं सांगितलं होतं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. एका दुपारी जीप आली, सहा पोलीस उतरले. आप्पांना बांधावर उकिडवं बसवलं, लिंबाच्या फांदीला वजनाचा काटा टांगला आणि उपटायला सुरुवात केली.

आप्पा रानात शिरताना चपला बांधावर काढून ठेवायचे. आम्हालाही तेच शिकवलेलं. रानाला पायताण लागू द्यायचं नाही. आणि त्या दिवशी एक उंच हवालदार आमची झाडं एकेक करून उपटत होता आणि त्यांची मुळं बुटावर आपटत होता. बाकीचे पाच जण नुसते उपटून ढिगावर फेकत होते. हा ती झाडंसुद्धा परत उचलायचा आणि आपटायचा. साहेब ओरडला, "भामरे, इथंच मुक्काम करायचाय का?" तरी हा थांबला नाही. आमच्या रानाची काळी माती त्याच्या बुटाभोवती ढेकळाढेकळांनी पडत होती आणि तो तिच्यावर उभा होता. झाडं नेली त्याचं मला तेव्हा एवढं वाटलं नाही. हा माणूस आमची माती बुटानं का मारतोय, हे मात्र माझ्या डोक्यातून कधीच गेलं नाही.

आप्पा पाच महिने आत राहिले. पंचनाम्यात लिहिलं होतं, अठरा किलो सहाशे ग्रॅम. वकील आईला म्हणाला होता, नशीब समजा, वीसच्या वर आकडा गेला असता तर जामिनाचं नाव काढता आलं नसतं. शेजारच्या गावातल्या गुलाबबापूंचा आकडा पस्तीस निघाला होता. ते सात वर्षांनी घरी आले तेव्हा त्यांची धाकटी मुलगी त्यांना परक्यासारखं 'अहो' म्हणून हाक मारत होती. आप्पा तसे लवकर सुटले. पण शाळेत मला 'गांजावाल्याची' म्हणायचे, ते पुढे दहावीपर्यंत चाललं. त्या प्रत्येक दिवशी मी त्या बुटांच्या नावानं बोटं मोडली.

"पावतीवर नाव काय लिहू?" मी विचारलं. मला ऐकायचंच होतं.

"भामरे."

मी लिहिलं. पावती फाडून त्यांच्या हातात दिली.

"ताई, एक विचारायचं राहिलं," पिशव्या उचलता उचलता ते म्हणाले, "बी थेट यातच टाकू का?"

हा प्रश्न न विचारणाऱ्यांनाही मी त्याचं उत्तर देत असे. खताच्या मातीत बी टाकायचं नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला कुणी मटण भरवत नाही. आधी साध्या मातीत रोप होऊ द्यायचं, महिन्याभरानं हलवायचं, तेही निम्मी साधी माती घालून. नाहीतर कोवळी मुळं जळतात. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली होती.

"टाका," मी म्हणाले. "थेट टाका."

ते आभार मानून गेले. टोमॅटोची तीन रोपं जळली तर कुणाचं काय मोठं नुकसान होणार होतं? मला मात्र दिवसभर बरं वाटत राहिलं. ते बरं वाटणं आज आठवलं की अंगावर काटा येतो.

तीन आठवड्यांनी ते परत आले. या वेळी चेहरा उतरलेला होता. गल्ल्याजवळ उभं राहून त्यांनी वही उघडली आणि वाचायला लागले.

"मुद्देमाल क्रमांक तीन, काळी पिशवी. बी उगवलेच नाही. मुद्देमाल क्रमांक दोन, पिवळी पिशवी. अकराव्या दिवशी सकाळी सात वाजता पाहता रोप मान टाकलेल्या स्थितीत मिळून आले. मुद्देमाल क्रमांक एक, आपली पिशवी. रोप जिवंत, उंची चार बोटे, पानांची टोके जळालेली." मग वहीतून एक पान काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. "हे त्याचं."

दुसरी वेळ असती तर त्या भाषेला मी हसले असते. पण मी ते पान उचलून बघितलं. जेमतेम नखाएवढं, कडेला करवतीसारखे दाते, टोकाला तपकिरी. तुरीच्या ओळींमध्ये लपंडाव खेळताना हे पान माझ्या गालाला लागलेलं होतं. मला ते डोळे मिटूनही ओळखता आलं असतं.

"काका, हे टोमॅटोचं पान नाही."

"नाही," ते म्हणाले.

"पोलिसांना कळलं तर?"

"मी तेहतीस वर्षं पोलिसातच होतो."

"माहीत आहे," असं माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांनी मान वर केली नाही, कसं माहीत तेही विचारलं नाही. वही बंद करून ते स्टुलावर बसले आणि हळू आवाजात सांगायला लागले.

त्यांच्या बायकोला, सिंधूताईंना, पोटाचा कॅन्सर होता. औषधं चालू होती, पण अन्नावरची वासना पार उडाली होती. फोडणीचा वास आला तरी उलटी व्हायची. दोन महिन्यांत अकरा किलो उतरल्या होत्या. डॉक्टर म्हणत होते, काहीतरी पोटात जायला हवं, नाहीतर औषध सोसवणार नाही.

"मागे एकदा एका म्हाताऱ्याच्या परसात एकच झाड मिळालं होतं," भामरे म्हणाले. "म्हणाला, साहेब, म्हातारीला भूक लागावी म्हणून लावलंय, दुसरं काही नाही. सगळेच काही ना काही सांगतात. मी उपटलं. ते झाड आता रोज डोळ्यांसमोर येतं. खरं असेल, खोटं असेल, मला माहीत नाही. पण करून बघायचं ठरवलं. विकत आणायला मन धजत नाही. तिथं मी ज्यांना आत टाकलं तीच माणसं बसलेली असतात."

"मग मला कशाला सांगता? मी फोन केला तर?"

"करा. माझी हरकत नाही," ते शांतपणे म्हणाले. "फक्त दिवाळीनंतर करा."

बी त्यांनी कुठून मिळवलं ते मी विचारलं नाही. उरलेलं होतं का, एवढंच विचारलं. तीनच होती, म्हणाले. म्हणजे आता जे काय होतं ते त्या चार बोटांच्या रोपात होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या घरात पोलीस एकदा येऊन गेले होते. पुन्हा आले असते तर 'गांजावाल्याची मुलगी' हे नाव बिल्ल्यासारखं कायमचं छातीवर लागलं असतं. शहाणपणाचं तेच होतं, गप्प बसायचं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर ओढून मी पावतीवर लिहिलेल्या त्यांच्या पत्त्यावर गेले. खरं सांगायचं तर मदत करायला गेले नव्हते. बघायला गेले होते. ज्याला बघून आम्ही चळचळा कापलो तो माणूस त्याच झाडासाठी कसा कापतोय, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. तरी जाताना हातात साध्या मातीची पिशवी होती, ती का, ते मलाही सांगता येणार नाही.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. सिंधूताई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. अंगावर शाल, मनगट एवढंसं, पण डोळे हसरे.

"तू ती मातीवाली होय?" त्या म्हणाल्या. "बस. यांच्या बागेची चौकशी करायला आलीस ना? अगं, यांनी आयुष्यात लावलेलं हे पहिलं झाड. एकदा मी माहेरी गेले होते, तर तुळस वाळवून ठेवली होती आठ दिवसांत. उपटायला मात्र एक नंबर."

भामरे मागच्या गॅलरीत होते. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर जुनी चादर टाकून त्यांनी आडोसा केला होता. त्याच्यामागे तीन कुंड्या एका रांगेत, प्रत्येकीच्या गळ्यात सुतळीनं बांधलेली चिठ्ठी आणि चिठ्ठीवर क्रमांक. दोन कुंड्या रिकाम्या होत्या, तरी चिठ्ठ्या काढलेल्या नव्हत्या. तिसरीत ते रोप. भामरे त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसले होते, अनवाणी. लॉकअपबाहेर पहारा देतात तसे.

मला जे बघायचं होतं ते समोर होतं. पण त्यात मजा काही येईना.

"कुंडीजवळ चपला घालून जायचं नाही, अशी शिस्त आहे हल्ली," सिंधूताई आतून म्हणाल्या. "आणि तेहतीस वर्षं मी यांच्या बुटांवरची माती खरवडलीय. बाकीचे घरी यायचे स्वच्छ. हे आले की बुटांवर मातीचा थर. साहेब लोकांच्या शिव्या खाल्ल्या, दोनदा बदली झाली त्यापायी, पण सवय गेली नाही."

"कसली सवय?" मी विचारलं.

"झाडं झटकायची. मुळांची माती झटकायची. बाकीचे उपटायचे की लावायचे काट्याला, मातीसकट. जेवढं वजन जास्त तेवढी शाबासकी जास्त. आणि हे बसायचे एकेक झाड आपटत."

"पण का?"

"त्यांनाच विचार."

भामरे रोपाकडेच बघत होते. "त्या भागातली माती काळी, चिकट," ते म्हणाले. "ओली असली तर एकेका झाडाला अर्धा किलो, किलोभर चिकटून येते. काट्यावर चढली की तीही गांजाच होते. वीसच्या वर आकडा गेला की माणूस अडकला. ज्यानं झाड लावलं त्याला झाडाची शिक्षा होईल, ती व्हावी. मातीची कशाला?"

मी गॅलरीचा कठडा धरला. आमच्या रानात तो ढीग कमरेएवढा होता. लिंबाखाली साहेब ओरडत होता, "भामरे, इथंच मुक्काम करायचाय का?" आणि हा माणूस दुसऱ्यांनी फेकलेली झाडंही परत उचलून आपटत होता. तीनदा, उलटं करून परत तीनदा. अठरा किलो सहाशे. आमच्या रानाची जेवढी माती त्या दिवशी त्याच्या बुटाखाली पडली, ती काट्यावर चढली असती तर मीही माझ्या बापाला सात वर्षांनी 'अहो' म्हणून हाक मारली असती.

"काय झालं गं? बरं वाटत नाही का?" सिंधूताईंनी विचारलं.

"ऊन लागलं," मी म्हणाले. आभाळ भरलेलं होतं.

मग मी खाली बसले. "काका, हे रोप या मातीतून काढायला लागेल. खत जास्त झालंय, मुळं जळतायत. साध्या मातीत लावू. पण आधी मुळाला या मातीचा एक कण राहता कामा नये."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. जरा वेळ बघितलं. मग कुंडी आडवी करून ते रोप त्यांनी अलगद बाहेर काढलं. एवढा मोठा हात, आणि त्यात ते चार बोटांचं रोप. डाव्या हाताच्या अंगठ्यावर त्यांनी ते हळूच टेकवलं. तीनदा. उलटं करून परत तीनदा. उरलेली माती आम्ही वाटीभर पाण्यात धुऊन काढली. मुळं पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसायला लागली. काही तांबूस झाली होती, पण सगळी नाही. मी साधी माती भरली, त्यांनी रोप धरलं. चिठ्ठी तेवढी त्यांनी परत बांधली.

संध्याकाळी मी गावाला फोन लावला.

"आप्पा, तो हवालदार भेटला."

"कोन हवालदार?"

"भामरे. बुटावर मुळं आपटणारा."

आप्पांनी ते नाव एकदा स्वतःशीच म्हटलं. मग म्हणाले, "बरा आहे का?"

"बरा आहे. आप्पा, तो माती का झटकत होता, तुम्हाला माहीत होतं?"

"तिथंच कळलं व्हतं मला. बांधावर बसलो व्हतो ना, सगळं दिसत व्हतं. पुढं वकील आकड्याचं बोलला तेव्हा पक्कं झालं."

"मग मला का नाही सांगितलं? इतकी वर्षं मी त्याच्या नावानं खडे फोडतेय, तुम्ही नुसतं ऐकत राहिलात?"

"म्हनूनच नाही सांगितलं," आप्पा म्हणाले. "तुला राग आला व्हता, माय. तो कुठं तरी निघनारच व्हता. त्याच्यावर नसता निघाला तर माझ्यावर निघाला असता. तुरीत ते बी मी टाकलं व्हतं. त्यानं नाही."

मी फोन कानाला धरून रडले. आप्पांनी फोन ठेवला नाही. मागे शेळी ओरडत होती तेवढी ऐकू येत होती. मी 'थेट टाका' म्हणाले होते, हे मात्र त्यांनाही सांगायची माझी छाती झाली नाही.

पुढचे तीन महिने मी आठवड्यातून एकदा तरी त्या घरी जात राहिले. रोप आधी आठ दिवस रुसल्यासारखं बसलं, मग उठलं. महिन्याभरानं निम्मी साधी, निम्मी माझी खताची माती करून त्याला मोठ्या कुंडीत हलवलं. सिंधूताई रोज विचारायच्या, "माझी सवत किती वाढली?" भामरे उंची मोजून वहीत लिहायचे. झाड वाढत होतं आणि सिंधूताई उतरत होत्या, आणि आम्ही तिघंही त्याबद्दल काही बोलत नव्हतो. दसऱ्याला तुरे दिसायला लागले. दिवाळी गेली तरी ते पुरे भरले नव्हते. अजून दोन-तीन आठवडे, मी म्हणाले, आणि दोन-तीन आठवडे हे शब्द तोंडातून निघताच माझ्यामुळे वाया गेलेले पहिले तीन आठवडे मला आठवले.

ते भरले तेव्हा कार्तिक संपत आला होता. सिंधूताईंनी त्यानंतर बारा दिवस काढले. त्यातले चार-पाच दिवस त्या बसून जेवल्या, वाटीभर मऊ खिचडी, एकदा तर वर पापड मागितला. त्यातलं झाडामुळे किती आणि भामऱ्यांचं मन राखायला किती, ते मला सांगता येणार नाही. पापडाचा आवाज ऐकून भामरे स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले होते, एवढं मी पाहिलं.

तेराव्याला मी गेले नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

पौषात एका सकाळी ते दुकानात आले. बूट तेच होते, पण पॉलिश नव्हतं. हातातलं पोतं त्यांनी गल्ल्याजवळ ठेवलं आणि उघडून दाखवलं. आत माती होती, भुसभुशीत, चाळल्यासारखी.

"झाड काढलं," ते म्हणाले. "जाळलं. तेवढं येतं मला. माती मात्र सगळी परत आणलीय. चांगली आहे, फेकायला जीव होईना."

आता नाही बोलले तर कधीच बोलणं होणार नाही, हे मला कळत होतं.

"काका, पहिल्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, बी थेट यात टाकू का. मी टाका म्हणाले. टाकायचं नसतं हे मला माहीत होतं. मी मुद्दाम सांगितलं. तुमचे तीन आठवडे माझ्यामुळे गेले. त्यांचे तीन आठवडे."

ते स्टुलावर बसले.

"माहीत आहे," ते म्हणाले. "पिवळ्या पिशवीच्या पाठीवर छापलंय. बियांसाठी वापरू नये. रोप मेल्यावर वाचलं मी."

"आणि तरी परत माझ्याकडे आलात?"

"त्या दिवशी मी झेंडू झटकला तेव्हा तुम्ही माझ्या बुटाकडे बघितलंत. माझ्या बुटाकडे तसं बघणारी माणसं मला कळतात. तेहतीस वर्षांत कमी नाही बघितली. म्हटलं, हे आपण उपटलेल्या घरातलं कुणीतरी आहे." त्यांनी पोत्याचं तोंड सारखं केलं. "मला ते झाड फक्त उपटता येत होतं. जगवायचं कसं, ते ज्या घरांनी लावलं त्यांनाच माहीत. दुसरं कुणाला विचारणार होतो मी?"

"पळसकुंड," मी म्हणाले. "लिंबाखाली काटा टांगला होता. अठरा किलो सहाशे."

त्यांनी डोळे मिटले. आठवतंय असं म्हणाले नाहीत, नाही असंही म्हणाले नाहीत. अशी गावं त्यांच्या नोकरीत किती झाली असतील कुणास ठाऊक.

"वडील?" त्यांनी विचारलं.

"आहेत. तूर लावतात. नुसती तूर."

त्यांनी मान हलवली. तीन आठवड्यांबद्दल ते काही बोलले नाहीत. जाऊ द्या असं म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं, पण ते म्हणाले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. मग त्यांनी खिशातून वही काढली, कोरं पान उघडलं.

"घरी तुळस नाही राहिली," ते म्हणाले. "सिंधू असताना असायची. या मातीत तुळस येईल?"

मी मूठभर माती उचलून चुरडली, वास घेतला. खत अजून होतं तिच्यात.

"येईल."

"बी थेट यातच टाकू का?"

"नको, काका," मी म्हणाले. "आधी साध्या मातीत रोप होऊ द्या. महिन्यानं हलवा. आणि हलवताना निम्मी साधी माती घाला."

त्यांनी ते सावकाश लिहून घेतलं आणि बरोबर आहे ना म्हणून वही माझ्यासमोर धरली.